तोडलेलं पाणी

औरंगाबाद, २२ ऑगस्ट १९८१

ती. कडूबादादास,

धाकट्या मुंजाबाचा दंडवत. अठ्ठावीस वर्षांनी माझा कागद आला म्हणून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. म्हणजे मी लिहितोय त्या खोलीच्या पलीकडे सहा जण गेलेले आहेत, पण ते सरकारी आहेत, आपल्या नात्यातले नाहीत.

हे पत्र मी घरी न पाठवता त्रिंबक गुरुजींच्या पत्त्यावर टाकतोय. "मढी फाडणाऱ्याचा कागद माझ्या उंबऱ्याच्या आत नको" असं तू लोकरीच्या व्यापाऱ्याजवळ बोलला होतास, ते मला पोचलं. तेव्हा उंबरा टाळला. गुरुजी, तुम्ही दादाला घराबाहेरच्या लिंबाखाली बसवा आणि तिथं वाचा. त्याच्या सुनांसमोर वाचू नका, का ते पुढं कळेल. मात्र एक अक्षर गाळू नका. जे लिहिलंय तेच वाचायचं हे तुम्हीच मला छडीनं शिकवलंय.

दादा, मी मढी फाडत नाही. ते काम डॉक्टर होणारी पोरं-पोरी करतात. मी देह धुतो, औषधात ठेवतो, टेबलावर आणतो आणि काम संपलं की ज्याचं त्याला परत देऊन झाकतो. मेडिकल कॉलेजात तेवीस वर्षं हेच चाललंय. पोरं मला मामा म्हणतात. आतडं काढताना ज्यांचे हात थरथरतात त्यांना मी सांगतो, ओढू नका, आधी पडदा सोडवा, मग खालून हात घालून उचला. मोठमोठे प्रोफेसर विचारतात, मामा, हे कुठं शिकलात? आता त्यांना काय सांगू, जत्रेतला एडका सोलताना माझा भाऊ माझ्या टाळक्यात मारून शिकवायचा म्हणून?

पहिल्या दिवसाची गंमत ऐक. साहेबांनी एका देहाचं पोट उघडलं आणि सगळं बाहेर काढून ताटात मांडायला मला सांगितलं. मी मांडलं. कलेजी आली, तिल्ली आली, आतडं आलं, पोट एकच आलं. मी बादल्या बघितल्या, टेबलाखाली वाकून बघितलं, दुसऱ्या टेबलावर जाऊन आलो. शेवटी साहेबांना म्हणालो, "साहेब, तीन पोटं कुणीतरी लंपास केली." सगळा हॉल हसून लोळला. आपल्या मेंढीला चार कप्पे, तर माणसासारख्या शहाण्या जनावराला निदान तेवढे तरी असतील असंच मी धरून चाललो होतो. साहेब हसले नाहीत. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि समजावलं की मेंढी कच्चं गवत खाते, ते भिजवायला, परत चावायला, परत गाळायला तिला चार खोल्या लागतात. माणूस शिजवून खातो. "मामा, माणसाचं अर्धं पोट चुलीवर असतं," असं म्हणाले. त्या दिवसापासून मला या कामाची चटक लागली.

बारीक आतडं मी हातानं मोजलंय. चौदा हात भरतं. जाड आतडं सव्वातीन हात. आपल्या मेंढीचं पन्नासाच्या वर जायचं, आठवतं? तू एक टोक धरून कुंपणापर्यंत पळायचास.

असो. तब्येत कशी आहे? मला उडत उडत काही कळलंय. कुणाकडून ते विचारू नकोस, सांगणाऱ्या माणसानं डोक्यावरचा पदर सावरून मला शपथ घातलीय. रात्रीतून किती वेळा उठतोस, तेवढं गुरुजींना सांग. ते लिहितील.

तुझा,
मुंजाबा

औरंगाबाद, ५ सप्टेंबर १९८१

ती. दादास दंडवत.

गुरुजींचं कार्ड आलं. तू पत्र शेवटपर्यंत ऐकलंस, चार पोटांच्या ठिकाणी मिशीत हसलास, आणि उठण्याच्या प्रश्नाला घोंगडं झटकून चालता झालास. जाताना म्हणालास, "त्याला लिवा, म्या काय मेंढरू नाय, दात मोजायला."

बरं, नाही मोजत. तुझं सोडून देऊ. गुर्द्यांचं ऐक.

पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंना, बरगड्यांच्या खाली ते चरबीत दडून बसलेले असतात. दिसायला थेट आपल्या मेंढीसारखे, फक्त मोठे. पोरं पोट उघडल्या उघडल्या शोधायला लागतात आणि त्यांना सापडत नाहीत, कारण ते सगळ्यांच्या मागं, अंगचोर सुनेसारखे. मी बोट दाखवतो. तर हे दोन मुठीएवढे जीव दिवसभरात किती पाणी गाळतात, सांग बघू. मी साहेबांना विचारलं तेव्हा वाटलं एखादी घागर. ते म्हणाले, बारा घागरी. मी म्हणालो, साहेब, मी अडाणी आहे पण इतका नाही. मग त्यांनी हिशेब करून दाखवला. तेच रक्त फिरून फिरून येतं, हे गाळतात, चांगलं परत देतात आणि नको ते खाली सोडतात. बारा घागरीतलं तांब्या-दीड तांब्या बाहेर जातं. आपण त्याला मूत म्हणून नाक मुरडतो. इतकं निवडून-पाखडून तर वहिनी जोंधळासुद्धा करत नाही.

तिथून दोन बारीक नळ्या सुतळीसारख्या खाली येतात आणि एका पिशवीत उतरतात. हकीम तिला मसाना म्हणायचे. रिकामी असली की सुरकुतलेली, भरली की नारळाएवढी. अर्धा तांब्या साठला की माणसाला उठावंसं वाटतं. आता आणखी खाली जातो. गुरुजी, चष्मा पुसून घ्या.

पिशवीच्या तोंडाशी, जिथून पाणी बाहेर पडतं तिथं, पुरुषाला एक गाठ असते. रोग नव्हे, सगळ्यांनाच असते. सुपारीएवढी. वाट तिच्या मधोमध जाते, मण्यातून दोरा जावा तशी. पन्नाशी-साठीनंतर ही सुपारी वाढायला लागते. कुणाची थोडी वाढते, कुणाची लिंबाएवढी होते. बाहेरून काही दिसत नाही, कारण ती आतल्या बाजूला दोराच दाबते. मग धार बारीक होते. सुरू व्हायला वेळ लागतो. झाली असं वाटून माणूस वळतो आणि पुन्हा लागते. रात्री तीनदा, चारदा उठणं होतं. पिशवी कधीच पुरती रिकामी होत नाही, तळाला उरतंच. लोक म्हणतात वय झालं.

एवढंच सांगायचं होतं. तुझ्याबद्दल मी काही म्हटलेलं नाही.

मुंजाबा

औरंगाबाद, २४ सप्टेंबर १९८१

दादा,

गुरुजींनी या वेळी कार्ड नाही, पाकीट पाठवलं. तुझं बोलणं जसंच्या तसं उतरवलंय. "सुपारीचं सांगतो मला. बापाच्या येळंला कुठं गेलतं ह्ये ग्यान?"

बाचं नाव तू काढलंस. मी काढणार नव्हतो. दोन पत्रं मी आतडी आणि घागरी सांगत बसलो ते त्यासाठीच. आता तू काढलंस तर मला उत्तर द्यावं लागेल, पण आज नाही. आज मी वेगळं सांगतो.

तुला दोष देत नाही, पण मला जे कळलंय ते शब्दाला शब्द असं आहे: "लई येळ भिंतीला उभे ऱ्हात्यात. आल्यावर घाम पुसत बसत्यात. आन् पाणी दिलं तर नको म्हणत्यात. जेवताना बी दोन घोट, बस. इचारलं तर म्हणत्यात, आत काय घातलंच नाय तर अडंल काय." हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी हॉलच्या पायरीवर बसलो. एडक्याचं पाणी तोडताना बा हेच म्हणायचा.

एडक्याचं शास्त्र आपल्याला पाठ आहे. दाणा जास्त झाला, पाणी कमी पडलं की त्याचं मूत अडतं. तो पाठ वाकवून उभा राहतो, शेपटी हलवतो, दात खातो. मग तू त्याला आडवा पाडायचास, मुताच्या वाटेच्या टोकाला तो बारीक दोऱ्यासारखा भाग असतो, त्यात खडा अडकलेला बोटाला लागायचा, नखानं दोरा तोडला की खडा पडायचा आणि धार लागायची. आणि खडा मोकळा होईपर्यंत पाणी तोडायचं. आपल्या बाच्या हातून वर्षाला दहा एडके वाचायचे. लोक वैजापूरहून जनावरं घेऊन यायचे.

पण दादा, माणसाला तो दोराच नाही. मी तेवीस वर्षं बघतोय, एकालाही नाही. एडक्याचं अडतं ते टोकाला, खड्यानं. म्हाताऱ्या माणसाचं अडतं ते मुळाशी, सुपारीनं. पाणी तोडून सुपारी लहान होत नाही. उलट गुर्द्यांना गाळायला पुरेसं पाणीच मिळत नाही आणि जे उरतं ते पिशवीत कुजतं. मग उन्हाळी लागते, जळजळतं, थंडी वाजून ताप येतो. तुला आखाडात ताप आला होता ना?

आता दिवाळीच्या पाडव्याला तुम्ही मेंढरं घेऊन गंगथडीला, गोदावरीकाठी, निघाल. चार महिने रानात. तिथं एखाद्या दिवशी धार एकदम बंद झाली तर तुझ्याजवळ असतील शंभर एडक्यांचं शास्त्र आणि दोन पोरं. जवळच्या दवाखान्यापर्यंत बैलगाडीनं दीड दिवस. मला याची भीती वाटते. इतकी वाटते की रोज सकाळी हॉलचं कुलूप काढताना, रात्रीतून नवा कुणी आणून ठेवला असेल तर आधी त्याचं तोंड बघतो.

मुंजाबा

औरंगाबाद, ६ ऑक्टोबर १९८१

दादा,

बाबद्दल लिहितो. गुरुजी, हे वाचताना दादा उठला तर त्याला धरून बसवा. तुमचं वय झालं असलं आणि तो तुमचा विद्यार्थी नसला म्हणून काय झालं, मी आहे ना, माझ्या वतीनं धरा.

निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतरचं पाचवं वर्ष. बा खाली पडून होता, बेंबीखाली नारळासारखं टणक लागत होतं. तू पाणी तोडलं होतंस, जेवताना दोन घोट तेवढे. मी चुकीचं म्हणत नाही, त्या वेळी आपल्याला ठाऊक होतं ते एवढंच. बासुद्धा म्हणायचा, "एडका असतो तर बरं झालं असतं, कवाच मोकळा केला असता तुम्ही." नवव्या दिवशी तू हकिमाचा काढा आणायला गेलास. मी मेंढरं शेजाऱ्याला लावून रानातून आलो, आणि तुला न विचारता बाला गाडीत घालून लासूर स्टेशनला नेलं.

स्टेशनात नळ होता. बाची नजर त्याच्यावरून हलेना. "मुंजा, घोटभर." मी तांब्या भरून दिला. त्यानं तो खाली न ठेवता संपवला. दुसरा मागितला. तो पण दिला. मग त्यानं ओलं तोंड तसंच ठेवलं, पुसलं नाही, आणि माझ्याकडे बघून हसला. इतकं सुखी झालेलं माणसाचं तोंड मी पुन्हा पाहिलं नाही.

औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात त्याला नळी घातली. भांडंभर आलं. बा म्हणाला, "सुटलो रे." मला वाटलं जिंकलो. दुसऱ्या दिवशी त्याला उचक्या लागल्या, गुंगी आली, मला तुझ्या नावानं हाक मारायला लागला. तिसऱ्या दिवशी पहाटे गेला. तू आलास तेव्हा आवारात चार माणसं होती. त्यांच्यादेखत तू म्हणालास, "पाणी पाजलंस ना? फोडलास तू बापाला." आणि मला खांदा देऊ दिला नाहीस.

मी तुझ्यामागं आलो नाही. मला वाटलं, तू म्हणतोस ते खरं आहे.

आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही ते सांगतो. या हॉलची नोकरी मी पोटासाठी घेतली असं लोक समजतात. त्या वेळी सूतगिरणीत लागत होतं, रेल्वेत लागत होतं. मी इथं आलो, कारण इथं आत बघायला मिळत होतं. मला बघायचं होतं, दोन तांब्यांनी मसाना फुटतो का. तेवीस वर्षांत मी किती पुरुषांच्या पिशव्या हातात घेऊन उजेडाला धरल्या त्याची मोजदाद नाही. पोरांना वाटतं मामाला कामाची आवड आहे. आवड आहेच, आता खोटं कशाला बोलू. आतड्याची गुंडाळी कशी बसते, पित्ताची हिरवी पिशवी कलेजीखाली कशी चिकटलेली असते, जाड आतड्याच्या सुरुवातीला ती करंगळीएवढी शेपटी कशाला आहे, सगळं मी विचारून विचारून साहेबांना हैराण केलं. सगळं विचारलं, हे एक सोडून. कारण साहेब "हो, फुटतो" म्हणाले असते तर मी ते ऐकून कुठं गेलो असतो?

फुटलेली एकही सापडली नाही. पण न सापडणं म्हणजे उत्तर नव्हे.

आता विचारतो. तुझ्यासाठी विचारतो. मग कळवतो.

मुंजाबा

औरंगाबाद, १६ ऑक्टोबर १९८१

दादा,

विचारलं.

दसऱ्यानंतर एका म्हाताऱ्या देहाचं खालचं अंग शिकवायला घेतलं होतं. शिकवणाऱ्या बाई नव्या आहेत, वयानं माझ्या पोरीएवढ्या. त्यांनी पिशवी उघडली आणि पोरांना जवळ बोलावलं. मीही गेलो. सुपारी मोठ्या लिंबाएवढी होती. पिशवीची भिंत पातळ असते, ती मोटेच्या कातड्यासारखी जाड झालेली, जोर लावून लावून. वरून येणाऱ्या सुतळ्या बोटाएवढ्या फुगलेल्या. आणि गुर्दे, दादा, मी ते हातात घेतले तर ते पोकळ होते. नुसत्या पिशव्या. पाणी खाली जायला वाट नाही म्हणून ते वर तुंबत गेलं आणि आतून त्यांना खाऊन बसलं. मी हे आधीही पाहिलं असणार. पण मी फुटलेली पिशवी शोधत होतो, त्यामुळं न फुटलेल्यांकडे लक्षच दिलं नाही.

पोरं गेल्यावर बाईंना बाचं सगळं सांगितलं. नऊ दिवस, दोन तांबे, नळी, उचक्या. त्यांनी विचारलं, "त्याआधी किती दिवस त्रास होता?" मी म्हणालो, दोन वर्षं. त्या म्हणाल्या, "मामा, ते पाण्यानं गेले नाहीत. ते त्या दोन वर्षांत गेले. नळी घातली तेव्हा गुर्दे आधीच संपले होते. उचक्या त्याच्याच."

मी विचारलं, मग पाणी तोडलं होतं, त्यानं गेला का? म्हणाल्या, "त्यानं फायदा झाला नसेल, पण मूळ कारण ते नाही. वेळेवर आणायला हवं होतं."

मी घरी येऊन जेवलो नाही. हलकं वाटायला पाहिजे होतं. दोन तांब्यांचं ओझं उतरलं होतं, पण त्याखाली जे होतं ते वर आलं. ते आता लिहितो.

ती दोन वर्षं मला माहीत होती. रानात मी बाजवळ निजायचो. तो चारचारदा उठायचा, कण्हायचा, माझ्या उशाशी येऊन बसायचा. एकदा त्यानं माझा कान धरून सांगितलं, "थोरल्याला बोलू नगंस. त्यो मला मेंढरामागं येऊ देणार नाय." मी नाही बोललो. मला ते भूषण वाटलं, की बानं गुपित मला सांगितलं, तुला नाही. मी तेव्हा तुला एका शब्दानं सांगितलं असतं तर तू त्याला उचलून नेलं असतंस, हे मला ठाऊक आहे. तू मला दवाखान्याच्या आवारात शिवी दिलीस ती चुकीच्या कारणासाठी होती, एवढंच. शिवी मला लागू होती.

आता तेच गुपित दुसऱ्यांदा माझ्याकडे आलंय. या वेळी पदरानं शपथ घातलीय. मी शपथ मोडतोय. पाप लागलं तर मला लागू दे.

इथल्या सर्जनशी बोललो. ते म्हणाले, हे ऑपरेशन आम्ही आठवड्याला दोन करतो. सुपारी पेरूच्या गरासारखी आतून काढून टाकतात, बारा-पंधरा दिवस खाट लागते. आधी रक्त तपासतील, गुर्द्यांत किती जीव आहे ते त्यातून कळतं. तुझ्या गुर्द्यांत जीव आहे की नाही हे मी इथं बसून सांगू शकत नाही. शंभर माणसांच्या आत बघितलं, पण तुझ्या आत मला बघता येत नाही. तेवढ्यासाठी तुलाच यावं लागेल.

पाडव्याआधी ये. माझ्या घरी उतरणं नकोसं वाटलं तर नको उतरू. खाटेजवळ मी फक्त तुझ्या उशाशी पाण्याचं भांडं ठेवून जाईन.

मुंजाबा

लासूर स्टेशन, २३ ऑक्टोबर १९८१

मुंजा,

म्या सांगतो, गुरुजी लिवत्यात. दुसऱ्या पत्रात त्यांनी सुपारीच्या दोन वळी गाळल्या व्हत्या. मला कळलं. म्हणलं, परत वाचा.

गुरुजी म्हणत्यात चौदा हात आतडं माणसाच्या पोटात मावायचं नाय. म्या म्हणलं मेंढीत पन्नास मावतंय. आल्यावर मोजून दावायचं. त्यांना कळवीन.

तुला सांगणारी तुझी वहिनी, आक्काबाई, हे मला पयल्याच पत्रात कळलं. तिकडं औरंगाबादेत, औरंगपुऱ्यात बांगड्या भरायला म्हणून गेली आन् मोकळ्या हातानं आली, तवाच मला शंका आलती. तिला काय बोललो नाय. तू बी तिला पाप लावू नगंस.

दोन वर्सं तू लपवलं म्हणतोस. मुंजा, मला बी ठावं व्हतं. बानं मला बी शपथ घातलती. म्हणला, "धाकट्याला सांगू नगंस, त्यो भितो." दोघांनाबी गप केलं म्हाताऱ्यानं. आपुन एकाच घोंगड्यावर जेवत व्हतो आन् एकमेकाला बोललो नाय.

आता माझं ऐक. गुरुजी इचारत्यात हे लिवू का. म्हणलं लिवा, अक्षर गाळू नका.

बा माझ्याकडं बी पाणी मागत व्हता. आठ दिस. पाचव्या दिशी त्यानं माझं पाय धरलं. बापानं लेकाचं पाय धरलं. त्याच्या उशाला तांब्या व्हता, म्या त्यो उचलला, भाईर नेला आन् एडक्यापुढं वतला. बा पडल्या जागंवरनं बघत व्हता. तुला ह्ये ठावं नाय, तू रानात व्हतास.

दवाखान्यात तुला बोललो ते त्याच्यापायी. त्यो तुझ्या हातचं पिऊन गेला. माझ्या हातनं तान्हेला व्हता. त्या आवारात कुणीतरी मला इचारलं असतं, कडूबा, पाणी का तोडलंस, त्याच्या आधी म्या तुझं नाव घेतलं. तवापासनं मला पाणी जात नाय. सुपारी हाय का नाय ते तू बघ, पर पाणी मला तवापासनंच जात नाय. तांब्या तोंडाशी नेला की बा दिसतो.

तुझ्या बाई म्हणत्यात त्यो पाण्यानं गेला नाय. बरं झालं तू इचारलंस. मला इचारायला कुणी नव्हतं.

मेंढरं पाडव्याला निघतील, पोरं नेतील. म्या नाय जात. आदल्या दिशी सकाळच्या गाडीनं तिकडं येतो. तुझ्याच घरी उतरीन, हाटेलात काय जायचं. लुंगी आन् घोंगडं आणतो.

घरनं निघताना काय पिणार नाय. टेसनावर तांब्या भरून उभा ऱ्हा. तू दे.

कडूबा सांडू
(निशाणी अंगठा)